तळघर, पिंप आणि डोंगर: फ्रँकोनियातल्या बिअर-चाखणीच्या प्रकल्प नोंदी

२३ एप्रिल २०२५, बुधवार. एर्लांगन

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पुण्याहून मित्रमंडळी इकडे जर्मनीत, एर्लांगनला येतायत. सगळ्यांना मुंढवा आणि कल्याणीनगरच्या ब्रूपबची सवय आहे. सुपरमार्केटातली बाटली फोडून 'ही घ्या जर्मन बिअर' म्हटलं तर तोंडावर हसतील. त्यामुळे यादी करायला घेतली आहे: कुठे जायचं, काय मागवायचं, कशासोबत, आणि कुठली जागा नाव मोठं असूनही सोडून द्यायची.

अडचण निवडीची आहे. आमच्या उत्तरेला ओबरफ्रांकन विभाग लागतो. वस्ती साडेदहा लाखांच्या आसपास, म्हणजे अख्खा विभाग पिंपरी-चिंचवडपुढेही लहान पडेल, आणि बिअरचे कारखाने दीडशेच्या वर. बहुतेक घरगुती आकाराचे. पुढे खानावळ, मागे भट्टी. यातले बरेच जण आपली बिअर शेजारच्या गावापलीकडे पाठवतही नाहीत. पुण्यात 'क्राफ्ट' म्हणून पाटी लावतात ते इथे कित्येक पिढ्या पाटीशिवाय चाललंय.

आज मुद्दाम सुरुवात केली, कारण २३ एप्रिल १५१६ रोजी बव्हेरियात बिअरच्या शुद्धतेचा नियम निघाला: बार्ली, हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) आणि पाणी, बाकी काही नाही. शेजारचे आजोबा जिन्यात भेटले तेव्हा त्यांना हे सांगितलं. जन्मभर फ्रँकोनियात, म्हणजे आजच्या बव्हेरियाच्या उत्तर भागात, राहिलेला माणूस, बव्हेरियाचं कौतुक थंडपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाम्बर्गचा नियम १४८९ चा आहे." खरंच आहे. बाम्बर्गच्या बिशपने तो सत्तावीस वर्षं आधी काढला होता. ही मंडळी अजूनही बव्हेरियाला पाव्हणी समजतात; एर्लांगन बव्हेरियाला जोडलं गेलं तेच १८१० मध्ये.

तक्ता तयार केला. रकाने: रंग, वास, कडवटपणा, गोडवा, जिभेवरचं वजन, घोट उतरल्यावर मागे काय राहतं, आणि दहापैकी गुण. चाखणारे तिघं. मी. मेघना, म्हणजे बायको. शाकाहारी, गोड पेयांशी उभा दावा, नाक माझ्यापेक्षा तिखट. आणि ऑफिसमधला सुहास, सांगलीचा, ज्याला कडू काहीही दिलं की "औषध आहे का हे" असं विचारतो. आजोबा सल्लागार. त्यांनी तक्ता चष्मा लावून वाचला आणि विचारलं, "फेसाचा रकाना कुठाय?" घातला.

२६ एप्रिल, शनिवार. स्टाइनबाख ब्रॉय, एर्लांगन

घरापासून चालत. गावातलं ब्रूपब, जिथे बनते तिथेच प्यायची. धुराड्यावर करकोच्यांचं घरटं आणि बिअरचं नावही त्यांच्यावरूनच, श्टॉर्खेनबिअर.

ग्लास आला तो गढूळसर. सुहासने उजेडात धरून बघितला. इथल्या केलरबिअर जातीत गाळणी लावतच नाहीत. यीस्ट आणि प्रथिनं तशीच राहतात, त्यामुळे रंग मळकट आणि चव भरीव. गॅस कमी. पुण्यातल्या गव्हाच्या बिअरची सवय असलेल्याला पहिल्या घोटाला ही थोडी 'बसलेली' वाटेल, हे पाहुण्यांना आधीच सांगून ठेवायला हवं. दुसऱ्या घोटाला पावाच्या कडेचा खरपूसपणा येतो आणि मग हॉप्सचा कडवटपणा हळूच मागून. सुहासला आवडली. कडवटपणाच्या रकान्यात त्याने 'सोसवतो' असं लिहिलं. आकडा घाल म्हटलं तर घातला नाही.

मी खिशातून स्वयंपाकघरातला थर्मामीटर काढला तेव्हा वाढणारी बाई दोन क्षण थांबली आणि काही न बोलता पुढे गेली. ८ अंश. अर्ध्या तासाने तळाशी उरलेल्या घोटाला १५, आणि तोवर गोडवा वर आला होता. तक्त्यात 'तापमान' रकाना वाढवला.

१ मे, गुरुवार. फोर्शहाइम, केलरवाल्ड

आज इथेही सुट्टी. मेघनाने पहाटेच थालीपिठं लावली, कैरीचं लोणचं आणि दह्याचा डबा घेतला आणि एस-१ लोकल पकडून फोर्शहाइमला उतरलो. या भागातल्या बऱ्याच केलरवर (जुन्या तळघरांवरच्या बिअरच्या बागांत) आपलं खाणं आपण न्यायची मुभा असते, बिअर मात्र त्यांचीच घ्यायची. लाकडी बाकावर शेजारच्या कुटुंबाने पांढरा मुळा, चीज आणि पाव काढला होता. पांढऱ्या मुळ्याच्या पातळ फिरक्या करून वर मीठ भुरभुरवलेलं. मेघना म्हणाली, "यात कोथिंबीर आणि लिंबू पडलं तर ही कोशिंबीरच की." देवाणघेवाण झाली. थालीपिठाचा फन्ना उडाला. लोणच्याच्या बाबतीत त्यांचा मुलगा धीट निघाला, बापाने फोडीला नुसतं बोट लावून चाटलं.

केलरवाल्ड म्हणजे गावाबाहेरची झाडीची टेकडी, आणि टेकडीच्या पोटात खडक कोरून केलेली तळघरं. शीतयंत्रं येण्यापूर्वी फोर्शहाइमचे बिअरवाले हिवाळ्यात बनवलेली बिअर इथे आणून ठेवत. बारा महिने आत ८ ते १० अंशांच्या आसपास. वर झाडांची सावली, म्हणजे माती तापत नाही. आणि माल जिथे आहे तिथेच गिऱ्हाईक आलं तर पिंप गावात वाहून नेण्याची उठाठेव वाचते, म्हणून वर बाकं टाकली. या भागातली उन्हाळ्यात बाहेर बसून पिण्याची सगळी रीत या सोयीतून आलेली आहे.

गावात आज चार कारखाने आहेत: हेबेनडान्त्स, ग्राइफ, नेडर, आइखहॉर्न. सगळ्यांची आज चाखणी केली नाही. थालीपिठासोबत फिकट लागर (गारव्यात मुरवलेली बिअर) छान जाते, एवढं नक्की लिहून ठेवलं. भाजणीचा खमंगपणा आणि माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या बार्लीचा) खमंगपणा एकमेकांच्या अंगावर येत नाहीत, आणि लोणच्याचा तिखटपणा कमी गॅसच्या बिअरने वाढत नाही. फसफसत्या बिअरने तिखट जिभेला जास्त टोचतं, हे पुण्यात मिसळ आणि बिअर एकत्र करून बघितलेल्या कुणालाही ठाऊक असेल.

१० मे, शनिवार. बाम्बर्ग

मोठा दिवस. तीन कारखान्यांच्या खानावळी: सकाळी श्लेंकर्ला, दुपारी श्पेत्सियाल, संध्याकाळी माह्र्स ब्रॉय. मधे भरपूर पाणी आणि भरपूर चालणं.

श्लेंकर्ला सकाळी साडेनऊला उघडतं आणि पावणेदहाला तिथे म्हातारी मंडळी स्थिरस्थावर झालेली असतात. काळपट लाकडी छत, काउंटरवर लाकडी पिंप. पिंपाला तोटी ठोकली की बिअर स्वतःच्या वजनाने खाली येते, वरून गॅस सोडून ढकलत नाहीत. इथली मेर्त्सेन नावाची बिअर, अल्कोहोल ५.१ टक्के, रंग जवळजवळ काळा. आणि वास धुराचा.

या धुराचं कारण माल्टमध्ये आहे. बार्ली भिजवून मोड आणले की ती वाळवावी लागते. पूर्वी सगळीकडेच ती लाकडाच्या उघड्या आगीवर वाळवत, त्यामुळे सगळीच बिअर थोडीफार धुरकट असायची. पुढे धूर दाण्याला न लागता नुसती गरम हवा देणाऱ्या भट्ट्या आल्या आणि धूर मागे पडला. बाम्बर्गमध्ये श्लेंकर्ला आणि श्पेत्सियाल या दोघांनी मात्र बीच नावाच्या झाडाच्या लाकडावर स्वतःचं माल्ट धुरवणं सोडलं नाही. दोघंही अजून बाहेरून धुरकट माल्ट विकत घेत नाहीत.

मेघनाने ग्लास नाकाशी नेला आणि म्हणाली, "चुलीवर भाजलेलं वांगं." जर्मन लोक इथे हॅमची आठवण काढतात, पण तिने हॅम कधी खाल्लेलाच नाही आणि भरताचं वांगं तिच्या नाकात पक्कं बसलेलं आहे. मला तिचं म्हणणं जास्त नेमकं वाटलं, कारण या वासाच्या खाली करपट गोडवाही आहे. सुहासने पहिला घोट घेऊन ग्लास ठेवून दिला. दहा मिनिटांनी परत उचलला. नाकाला धुराची सवय होते, मग तो मागे सरकतो आणि माल्ट पुढे येतं. अर्ध्या ग्लासानंतर त्याने तक्त्यातला पहिला आकडा खोडून नवा घातला. हे पाहुण्यांच्या बाबतीत महत्त्वाचं: छोटा नमुना मागवायचा नाही. अर्धा लिटरच घ्यायचा आणि तो संपेपर्यंत मत द्यायचं नाही.

श्पेत्सियाल, १५३६ पासूनचं. रंग तांबूस, धूर बेताचा, घोट हलका. धुराची ओळख करून द्यायला ही जागा बरी की श्लेंकर्ला, यावर आम्ही स्टेशनच्या बाजूला चालत वाद घातला. माझं मत: आधी श्लेंकर्ला. श्पेत्सियाल आधी प्यायली तर 'ठीक आहे' म्हणून पुढे जातात. श्लेंकर्लानंतर प्यायली तर तिचा नाजूकपणा कळतो. मेघनाचं मत बरोबर उलटं. यादीत दोन्ही क्रम लिहिले.

या गावात वायरमान नावाची माल्टची पेढीही आहे, १८७९ पासूनची, लाल-पिवळ्या रंगाची. जगभरच्या छोट्या ब्रूअरी त्यांचं माल्ट मागवतात, भारतातल्याही. म्हणजे पुण्यात प्यायलेल्या एखाद्या तांबूस बिअरचे दाणे इथून गेलेले असू शकतात. पाहुण्यांना ही इमारत बाहेरून दाखवायचीच.

माह्र्स ब्रॉयमध्ये काउंटरवर नुसतं "अ ऊ" म्हणायचं. ऊ म्हणजे त्यांची उन्गेश्पुन्डेट. बिअर मुरत असताना टाकीचं तोंड घट्ट बंद केलं की तयार होणारा गॅस आतच विरघळतो. इथे ते मोकळं ठेवतात, गॅस निघून जातो. परिणाम: फेस मऊ, पोट फुगत नाही, आणि चव लपायला जागा नाही. गॅस चवीतले बरेच दोष झाकतो. ही बिअर काही झाकत नाही आणि झाकायला काही नाहीही. आजची सगळ्यात चांगली. तिघांचंही एकमत, जे क्वचित होतं.

११ मे, रविवार. घरी

काल श्लेंकर्लाची बाटली आणली होती, तीच मेर्त्सेन. कालच्या तापमानाला आणून ८ अंशांवर ओतली. वास तोच, काळेपणा तोच. पण गॅस जास्त, धूर नाकावर आधी आपटतो, आणि मागे जी मऊ गोलाई काल होती ती आज टोकदार. मेघनाला न सांगता दिली. तिने लिहिलं: 'वांगं तेच, आज जास्त करपलंय.'

तेच माल्ट, तेच पाणी, तेच यीस्ट. फरक ठेवण्याचा आणि ओतण्याचा. तक्त्यात आणखी एक रकाना: 'कशातून ओतली' (लाकडी पिंप, स्टीलचं पिंप, बाटली). आणि दहापैकी गुण देणं थांबवलं. जागा बदलली की बिअर बदलते, मग गुण कुणाला दिले तेच कळत नाही. सुहास खूश. तो आधीपासून आकडे टाळतच होता.

२४ मे, शनिवार. न्यूर्नबर्ग

किल्ल्याच्या पायथ्याशी हाउसब्रॉयराय आल्टश्टाटहोफ. इथली खासियत रोटबिअर, म्हणजे न्यूर्नबर्गची जुनी लाल बिअर. लाली माल्ट भाजण्यातून येते. चवीला खरपूस, मधेच सुक्या फळांचा गोडवा, शेवटी कोरडी. हॉप्स इथे भरपूर असायचेच, कारण दक्षिणेला श्पाल्टचा हॉप्सचा पट्टा आहे आणि १९व्या शतकात न्यूर्नबर्ग ही हॉप्सच्या व्यापाराची जगातली मोठी पेठ होती.

खरी गोष्ट मात्र जमिनीखाली. किल्ल्याच्या टेकडीखाली वालुकाश्मात मजल्यांवर मजले कोरलेली तळघरं आहेत. १३८० साली नगर परिषदेने हुकूम काढला की ज्याला बिअर बनवून विकायची आहे त्याच्याकडे स्वतःचं तळघर असलंच पाहिजे, दहा पावलं खोल आणि सोळा पावलं रुंद. पावलं म्हणजे त्या काळचं जोड्याचं माप, फूटभर. बव्हेरियाच्या १५१६ च्या नियमाच्या १३६ वर्षं आधी या शहराने भांड्यात काय पडतं यासोबत बिअर कुठे ठेवली जाते याचीही काळजी केली होती. दुसऱ्या महायुद्धात याच तळघरांनी बॉम्बहल्ल्यात हजारो लोकांना आसरा दिला. मार्गदर्शक बाई हे सांगत होत्या तेव्हा सगळे गप्प होते आणि आतल्या गारव्यात सुहास कुडकुडत होता. मे महिन्यात स्वेटर न्यायला हवा, यादीत लिहिलं.

नंतर गोस्टनहोफमध्ये शान्त्सेनब्रॉय. तरुण गर्दी, अंगणात बाकं, इथेही रोटबिअर. आल्टश्टाटहोफपेक्षा साधी आणि पिण्याला सोपी. पुण्याच्या मंडळींना वातावरण ओळखीचं वाटेल. त्यांना संध्याकाळी इथे न्यायचं आणि तळघर दुपारी.

२९ मे, गुरुवार. आउफ्सेस

तेराशेच्या आसपास वस्तीची ग्रामपंचायत आणि चार कारखाने; २००० साली गिनेस बुकात नोंद झाली. चारही ठिकाणं जोडणारी १४ किलोमीटरच्या आसपासची पायवाट. आज इथे 'पुरुषांचा दिवस', हातगाडीत क्रेट भरून गटागटाने चालतात. गर्दी इतकी की चाखणी अशक्य. काटी ब्रॉयची गडद बिअर उभ्याने प्यायलो, मोटरसायकलवाल्यांच्या गराड्यात. सुहास गाडी चालवणार म्हणून त्याला लिंबू सरबत. पाहुण्यांसाठी: या सुट्टीला जायचं नाही, साध्या दिवशी जायचं, आणि चालवणाऱ्याने प्यायची नाही. पुढे.

५ जून, गुरुवार. एर्लांगन, बेर्गकिर्खवाय

पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाच्या आधीचा गुरुवार, संध्याकाळचे पाच. महापौरांनी पिंपाला तोटी ठोकली आणि बारा दिवसांची जत्रा सुरू झाली. १७५५ पासून. सव्वा लाखाच्या आतलं आमचं गाव, आणि बारा दिवसांत येणारी माणसं दहा लाखांच्या घरात. ऑफिसात दुपारनंतर मीटिंग लावायची नाही, हा अलिखित नियम आहे आणि बाहेरून आलेले मॅनेजरसुद्धा पहिल्या वर्षी शिकतात.

जत्रा गावाच्या मध्यात न भरता डोंगरावर भरते, कारण तळघरं डोंगरात आहेत. बुर्गबेर्गच्या पोटात कोरलेल्या याच गारव्यावर १९व्या शतकात एर्लांगनची बिअर दूरदूर निर्यात व्हायची. मग १८७० च्या दशकात लिंडे या इंजिनिअरचं शीतयंत्र आलं, म्युनिकच्या मोठ्या ब्रूअरींनी ते लावलं, आणि कुठेही, कितीही बिअर थंड ठेवता येऊ लागली. डोंगर असण्याचा फायदा गेला. एकेकाळी गावात बिअरचे कारखाने भरपूर होते; शेवटच्या मोठ्यांपैकी किट्समान २०१८ मध्ये बंद झाला, नाव कुल्मबाखच्या कंपनीकडे गेलं. तळघरांचा मूळ उपयोग संपला, वरची जत्रा राहिली.

आता चाखणी. बेर्गबिअर खास जत्रेसाठी बनते, सहा टक्क्यांच्या आसपास, आणि मिळते एक लिटरच्या दगडी (म्हणजे पक्क्या भाजलेल्या मातीच्या) मगात. मगातून रंग दिसत नाही. फेस किती तेही वरून वाकून बघावं लागतं. रंगाचा रकाना रिकामा. वास? शेजारी भाजलेले मासे, बदाम, आणि गर्दी. वासाचा रकाना रिकामा. बँड वाजत होता, लोक बाकांवर उभे, आणि थर्मामीटर बाहेर काढण्याची सोय नव्हती. एकदा काढला तर शेजारच्या पोरीने ताप आलाय का विचारलं.

तरी काही गोष्टी निसटल्या नाहीत. बिअर गोडसर, माल्टने भरलेली, कडवटपणा नावाला. ही मुद्दाम तशीच करतात. एक लिटर कडू बिअर उन्हात कुणी संपवणार नाही. दगडी मग काचेपेक्षा गारवा जास्त धरतो, पण शेवटचा पाव लिटर तरीही कोमट होतो, आणि कोमट झाल्यावर सहा टक्के आपलं अस्तित्व दाखवतात. मेघना आणि मी एक मग दोघांत घेतला. शहाणपणाचं ठरलं. सुहासने एकट्याने घेतला आणि उतरताना आकाशपाळण्यात बसायचा हट्ट धरला.

जूनमधली ही जत्रा पाहुण्यांच्या वाट्याला येणार नाही. वाईट वाटायचं कारण नाही: जुलैच्या शेवटी, २६ तारखेच्या आसपास, फोर्शहाइमच्या त्याच केलरवाल्डमध्ये आनाफेस्ट ही अशीच जत्रा भरते. तिथली बरीच तळघरं आजही तिथल्याच कारखान्यांशी बांधलेली आहेत. माझ्या हिशोबात ही जागा एर्लांगनपेक्षा एक पायरी वर.

१२ जून, गुरुवार

आजोबांना जिन्यात रिकामे रकाने दाखवले. त्यांनी सांगितलं की डोंगरावर ते आता फक्त पहिल्या रविवारी सकाळी जातात, बँड सुरू व्हायच्या आधी, आणि अर्धा लिटर मिळतो का ते विचारतात. मिळत नाही. तरी दरवर्षी विचारतात.

१९ जून, गुरुवार. न्यूर्नबर्ग, किल्ल्याचा खंदक

आज कॅथलिक सणाची सुट्टी. फ्रँकोनियन बिअर महोत्सव न्यूर्नबर्गच्या किल्ल्याच्या कोरड्या खंदकात भरतो. सुमारे ४० छोटे कारखाने, बिअरचे प्रकार शंभरावर. वर तटबंदी, खाली स्टॉलांची रांग, मगासाठी अनामत ठेवायची. बुधवारपासून रविवारपर्यंत.

आज ज्यासाठी आलो ती चाचणी: आधी गावात जाऊन प्यायलेल्या बिअर इथे पुन्हा घ्यायच्या. एका छोट्या गावच्या केलरबिअरचा स्टॉल सापडला. खानावळीत ती मऊ, कमी गॅसची होती. इथे आली ती ५ अंशांवर, फसफसत. कारण सरळ आहे: रांगेत माणसं उभी असताना पिंपातून बिअर गॅसच्या दाबाने भराभर काढावी लागते, आणि उन्हात चांगली वाटावी म्हणून जास्त थंड ठेवावी लागते. थंडीने जीभ बधिर, गॅसने चव झाकलेली. पंधरा मिनिटं मग तसाच धरून ठेवला. १२ अंशांना आल्यावर जुनी ओळख पटली, पण तोवर फेस गेला होता.

उलटही झालं. दुसऱ्या एका कारखान्याची पिल्स (हॉप्स जास्त असलेली फिकट लागर) एप्रिलच्या सुरुवातीला त्यांच्या खानावळीत प्यायलो होतो तेव्हा तिला ओल्या पुठ्ठ्याचा वास होता. बिअर हवेच्या संपर्कात जुनी झाली की येतो तो. आडगावची खानावळ, आठवड्याच्या मधला दिवस, पिंप बरेच दिवस उघडं राहिलं असणार. आज तीच पिल्स इथे ताजीतवानी, हॉप्सचा हिरवट, गवती वास पूर्ण जागेवर. इथे पिंप तासाभरात संपतं. गर्दीचा बिअरला फायदा होतो तो एवढाच, आणि तो काही लहान नाही. 'पिंप कधी उघडलं' हा रकाना हवा, पण वाढणाऱ्याला हे विचारायचं कसं? मेघनाने मार्ग काढला: "आत्ता सगळ्यात जास्त काय खपतंय?" एवढंच विचारायचं आणि तेच मागायचं. पाहुण्यांच्या यादीत हे वाक्य जर्मनमध्येही लिहून दिलं आहे.

दुपारी साडेतीननंतर जिभा थकल्या. सगळ्याच बिअर सारख्या लागायला लागल्या तेव्हा तक्ता मिटला, बटाट्याचे पॅनकेक आणि सफरचंदाचा मुरंबा घेतला आणि तटबंदीच्या सावलीत बसलो. सुहासला विचारलं, तुझी आवडती कुठली. म्हणाला, "ती बाम्बर्गची. ऊ."

महोत्सवाबद्दलचं मत आता पक्कं झालंय. इथे तोलामोलाने बिअर जोखता येत नाही. पण ज्या चाळीस गावांना आयुष्यात जाणं होणार नाही त्यांची ओळख एका दुपारी होते. इथे नाव टिपायचं आणि मग त्या गावची गाडी पकडायची. माझ्या वहीत आज पाच-सहा नवी गावं आली आहेत, त्यातली दोन अशी की नकाशात शोधायला वेळ लागला.

२९ जून, रविवार. घरी

यादी पूर्ण. पाहुण्यांना पाठवली.

पहिला दिवस एर्लांगन, स्टाइनबाख. विमानाच्या थकव्यावर चालत जाता येईल असं. दुसरा बाम्बर्ग: श्लेंकर्ला सकाळी, लाकडी पिंपातली, अर्धा लिटर, मत नंतर, माह्र्सची ऊ संध्याकाळी, श्पेत्सियाल कुठे बसवायची ते मेघना आणि मी त्याच दिवशी ठरवू. तिसरा न्यूर्नबर्ग: दुपारी तळघर (स्वेटर), मग आल्टश्टाटहोफ, रात्री शान्त्सेनब्रॉय. चौथा फोर्शहाइम, आनाफेस्ट, दुपारी दोनच्या आत पोचायचं म्हणजे बसायला जागा मिळते आणि पिंपंही नुकती लागलेली असतात. ही सगळी गावं एस-१ वर आहेत, त्यामुळे गाडी नको आणि चालवण्याचा प्रश्नच नको. शनिवारी काढलेलं दिवसाचं 'प्लस' तिकीट रविवारीही चालतं आणि एकावर दोन मोठी माणसं जातात.

तक्ता त्यांना पाठवलेला नाही. सुहासचं म्हणणं, पाठवला तर सगळे बिअरऐवजी कागदाकडे बघत बसतील. मी वही खिशात ठेवणार आहे, थर्मामीटरही.

एकाचं उत्तर लगेच आलं: "आंब्याची बिअर मिळते का तिकडे?" शुद्धतेचा नियम त्याला समजावून सांगायचं काम आजोबांकडे सोपवलं आहे. १४८९ पासून सुरुवात करतील.

बाकी कामं: श्पेत्सियाल त्या दिवशी बंद तर नाही ना, फोन करून विचारणे. आनाफेस्टला आपलं खाणं न्यायची मुभा आहे का, की ती फक्त एरवीच्या दिवसांत, हे फोर्शहाइमच्या केलरवर विचारून घेणे. असली तर मेघनाला भाजणी कमी पडेल. पुण्याच्या मंडळींना किलोभर घेऊन यायला सांगणे.